हिरवळीची किंमत कोण मोजतो?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांत मोठ्या क्षेत्रावर पाणी देऊन वाढविले जाणारे पीक कोणते, असे कोणी विचारले तर मका किंवा गहू हे उत्तर सहज ओठांवर येईल. प्रत्यक्षात ते पीक म्हणजे घरांभोवतीची, कचेऱ्यांपुढची आणि गोल्फच्या मैदानांवरची हिरवळ होय. क्रिस्टीना मिलेसी आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या हिरवळीचे क्षेत्र सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर असावे, असा अंदाज केला आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक जमीन या एका गवताखाली आहे. हे पीक माणूस खात नाही, जनावराला घातले जात नाही, बाजारात विकले जात नाही. ते वाढवायचे, कापायचे आणि कापलेले फेकून द्यायचे, एवढेच त्याचे प्रयोजन. तरीही त्यावर खते, तणनाशके, कीटकनाशके आणि बुरशीनाशके यांचा वर्षानुवर्षे मारा होत आला आहे.

हा दूरदेशीच्या सुखवस्तू लोकांच्या हौशीचा विषय आहे, आपल्या चळवळीने त्यात का लक्ष घालावे, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या समाजातील हौसेच्या वस्तूकडे बारकाईने पाहिले म्हणजे त्या समाजाची अर्थव्यवस्था जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती गरजेच्या वस्तूकडे पाहून दिसत नाही. शेतीतील विषारी औषधांचे समर्थन करताना 'मग लोकांनी खायचे काय?' असा सवाल टाकता येतो. हिरवळीच्या बाबतीत ती सोय नाही. येथे रसायनामुळे कोणाचे पोट भरत नाही. म्हणूनच धोका कोण निर्माण करतो, नफा कोणाच्या पदरात पडतो आणि किंमत कोण मोजतो, हा हिशेब येथे फारसा गुंतागुंतीचा राहत नाही.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुखवस्तू वर्गाच्या चालीरीतींची चिकित्सा करताना हिरवळीचाही विचार केला होता. आखूड कापलेले गवत हे मुळात गुरे चरल्यानंतरच्या कुरणाचे रूप आहे. पण धनिकाच्या अंगणात प्रत्यक्ष गाय मात्र चालत नाही, कारण गाय म्हटली की उपयोग आणि काटकसर आली. जमीन असूनही तिच्यापासून काही उत्पन्न घेण्याची गरज नाही, हे जगाला दाखविणे हाच त्या हिरवळीचा हेतू, असे त्याचे म्हणणे होते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, मध्यमवर्गाला स्वतंत्र घरे मिळाली आणि जमीनदारांच्या वाड्यांपुढचे हे प्रतिष्ठेचे चिन्ह लाखो सामान्य घरांच्या दारात आले. प्रतिष्ठेची ही भूक कारखानदारीने हेरली नसती तरच नवल.

या संदर्भात क्लोव्हर नावाच्या एका साध्या वनस्पतीची कहाणी अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. आपल्याकडे चाऱ्यासाठी लावल्या जाणाऱ्या बरसीमच्या कुळातील ही तीन पानांची वनस्पती. महायुद्धापूर्वी अमेरिकेत हिरवळीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्याच्या मिश्रणात पांढऱ्या क्लोव्हरचे बी सर्रास असे. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणून सोडतात. त्यामुळे गवताला खत आपोआप आणि फुकट मिळत असे. युद्धकाळातील संशोधनातून '२,४-डी' हे तणनाशक पुढे आले आणि युद्ध संपताच ते बाजारात दाखल झाले. रुंद पानाच्या वनस्पती मारायच्या आणि गवत तेवढे राखायचे, हा या रसायनाचा गुण. क्लोव्हर रुंद पानाची असल्यामुळे तीही मरू लागली. आता रसायन क्लोव्हरला मारते हा रसायनाचा दोष मानावयास हवा होता. झाले उलटेच. क्लोव्हर हीच तणांच्या यादीत गेली! ती नाहीशी झाल्यावर जमिनीला फुकट मिळणारे नत्र थांबले, म्हणून पिशवीतले नत्र विकत घेणे भाग पडले. विकतच्या खताने आणि रोजच्या पाण्याने गवत भराभर वाढू लागले, तेव्हा ते वारंवार कापणे आले. आणि एकाच जातीच्या दाट गवतावर किडी व बुरशी सहज पसरत असल्यामुळे त्यांच्यासाठी आणखी औषधे आली.

एका विक्रीयोग्य वस्तूने निसर्गाची एक विनामूल्य सेवा नष्ट करावी आणि त्या नाशातून दुसऱ्या विक्रीयोग्य वस्तूसाठी बाजारपेठ तयार व्हावी, हा या व्यवहाराचा गाभा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात यातील प्रत्येक पायरी वाढ म्हणूनच नोंदली जाते. क्लोव्हरने दिलेल्या नत्राची कोठे नोंद नव्हती, म्हणून ते गेल्याचीही नोंद झाली नाही. पिशवीतल्या खताची मात्र झाली. पावसाबरोबर हे खत वाहून तळ्यांत गेले, तळी शेवाळाने भरली, ती साफ करण्यासाठी जनतेच्या करातून पैसा खर्च झाला. तोही उत्पन्नातच जमा! मिनेसोटा राज्याला आपली सरोवरे वाचविण्यासाठी अखेर २००५ पासून हिरवळीच्या खतातील स्फुरदावर राज्यभर निर्बंध घालावे लागले.

प्रकृतीला होणाऱ्या अपायाविषयी बोलताना मात्र अतिशयोक्ती टाळली पाहिजे; कारण आपल्या एका चुकीच्या विधानाचा आधार घेऊन प्रतिपक्ष दहा खरी विधाने उडवून लावतो. व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'मध्ये २,४-डी होते हे खरे. परंतु त्या मिश्रणातील अत्यंत घातक डायॉक्सिन प्रामुख्याने त्याच्या दुसऱ्या घटकातून, म्हणजे २,४,५-टी मधून आले होते, हेही तितकेच खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली २,४-डी हे कर्करोगास 'कदाचित' कारणीभूत होऊ शकणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. ग्लायफोसेट हे तणनाशक आणि डायझिनॉन व मॅलॅथिऑन ही कीटकनाशके त्याच वर्षी त्याहून वरच्या, म्हणजे 'बहुधा' कारणीभूत ठरणाऱ्या गटात गेली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ग्लायफोसेटबाबत वेगळे मत नोंदविले. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे मान्य केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. निव्वळ शोभेसाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तूबाबत शंका उरली असताना तिचा धोका कोणी सोसायचा, हाच तर मूळ प्रश्न आहे.

काही गोष्टींबाबत फारसा वाद नाही. हिरवळीवर फवारलेले २,४-डी बुटांबरोबर आणि पाळीव जनावरांच्या पायांबरोबर घरात येते, सतरंजीत आणि धुळीत साचते, हे १९९० च्या दशकातील मोजणीने दाखवून दिले. उन्हापावसात लवकर विघटित होणारे द्रव्य घराच्या आडोशाला अधिक काळ टिकते आणि जमिनीवर रांगणारे, हात तोंडात घालणारे मूल त्याच्या सर्वांत जवळ असते. १९८४ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका गोल्फच्या मैदानावर डायझिनॉन टाकलेले गवत खाऊन ब्रँट जातीचे सुमारे ७०० रानहंस मरण पावले. त्यानंतर गोल्फच्या मैदानांवर त्या औषधाला बंदी झाली. घरगुती हिरवळींसाठी त्याची विक्री मात्र २००४ अखेरपर्यंत चालू होती. मेलेले पक्षी मैदानावर मोजता येतात. घरोघर विखुरलेल्या विषबाधेची अशी मोजदाद होत नाही, म्हणून तिच्याबाबत वीस वर्षे थांबणे परवडते.

या साऱ्यात सर्वाधिक विष ज्याच्या अंगावर पडते तो घरमालक नव्हेच. तो आहे पाठीवर पंप बांधून दिवसभर फवारणारा मजूर. कॅलिफोर्नियातील बेनिशिया गावच्या शाळांची मैदाने राखणाऱ्या एका कामगाराने ग्लायफोसेटयुक्त तणनाशकामुळे आपल्याला कर्करोग झाला असा दावा लावला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाईचा निर्णय दिला. अपिलात ती रक्कम सुमारे २ कोटी डॉलरवर आली, परंतु कंपनीची जबाबदारी कायम राहिली. मॉन्सँटो कंपनी विकत घेतलेल्या बायर कंपनीने २०२० साली असे हजारो दावे मिटविण्यासाठी सुमारे १ हजार कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. पुढच्याच वर्षी तिने घोषणा केली की, अमेरिकेतील घरगुती बागांसाठीच्या आपल्या तणनाशकांतून २०२३ पासून ग्लायफोसेट काढून टाकले जाईल. मात्र हे केवळ दाव्यांचा धोका टाळण्यासाठी, वस्तू असुरक्षित आहे म्हणून नव्हे, असेही तिने बजावले. शेतीसाठीची विक्री अर्थातच चालू राहिली. कोर्टात जाऊ शकणारा ग्राहक आणि जाऊ न शकणारा मजूर यांच्यातील अंतर या एका घोषणेत स्पष्ट दिसते.

क्लोरपायरीफॉसची हकिगत याहून बोलकी आहे. हे कीटकनाशक अमेरिकेत घरांत झुरळांसाठी आणि अंगणात हिरवळीसाठी मुबलक वापरले जाई. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होत असल्याची चिन्हे दिसू लागल्यावर २००० साली पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्पादकांशी करार करून त्याचे बहुतेक सर्व घरगुती वापर बंद केले. कोलंबिया विद्यापीठाने न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि डोमिनिकन मातांच्या मुलांचा वर्षानुवर्षे जो अभ्यास केला, त्याने ती भीती अधिक पक्की केली. मग तेच औषध शेतात सुरक्षित कसे ठरले? खाद्यपिकांवरील त्याचा वापर थांबविण्याचा आदेश निघायला २०२१ साल उजाडावे लागले आणि तो आदेशही २०२३ मध्ये न्यायालयाने रद्द केला. उपनगरातल्या मुलाला २००० साली जे संरक्षण मिळाले, ते संत्र्याच्या बागांत राबणाऱ्या स्थलांतरित मजुराच्या मुलाला दोन दशके मिळाले नाही. मूल तेच, मेंदू तोच, विषही तेच; फरक फक्त वर्गाचा. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या सदस्यराष्ट्रांनी हे औषध जगभरातून हटविण्याच्या यादीत घातले खरे, पण तेही अनेक पिकांसाठी अपवाद ठेवून.

या साखळीचे एक टोक आपल्या दारापर्यंत येते, हे विसरता येणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये हजारोंचे प्राण घेणारा मिथिल आयसोसायनेट वायू ज्या कारखान्यातून सुटला, तेथे त्याचा उपयोग 'सेविन' म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक बनविण्यासाठी होत असे. हेच सेविन अमेरिकेतील बागांत आणि हिरवळींवर घराघरांतून वापरले जात होते. भोपाळचा माल भारतीय शेतीसाठी होता. पण ज्या उद्योगाची भरभराट त्या देशात अंगणातल्या गवतावर झाली, त्याच्या निष्काळजीपणाचे सर्वांत भीषण मोल येथील झोपडपट्टीतील माणसांनी मोजले. कार्बारिलवर भारत सरकारने बंदी घातली ती २०१८ साली, दुर्घटनेनंतर ३४ वर्षांनी. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या खरीप हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पडले. हातमोजे का घातले नाहीत, असे मृतांनाच विचारणारे तज्ज्ञ तेव्हाही कमी नव्हते. विदर्भाच्या उन्हात आणि दमट हवेत अंग झाकणारा रबरी पोशाख घालून कोणी कपाशीत किती वेळ उभे राहू शकतो, हे त्यांपैकी कोणी करून पाहिल्याचे ऐकिवात नाही.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर लिहिलेल्या ग्रंथात हा व्यवहार नेमका पकडला होता. रूढ अर्थशास्त्र अशा हानीला बाजाराची तुरळक चूक समजते आणि एखादा कर बसवून ती दुरुस्त होईल असे मानते. कापच्या मते उत्पादनखर्चाचा एक भाग दुसऱ्यांवर ढकलणे हा नफ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेचा अपवाद नसून तिची नित्याची रीत आहे. हिरवळीच्या औषधाच्या डब्यावरील किमतीत तळ्याची साफसफाई धरलेली नसते, मजुराचे आजारपण धरलेले नसते, पक्षी तर नसतातच. हे सारे धरले असते तर तो डबा विकलाच गेला नसता.

मग यावर उपाय कोणता? या बाबतीत कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या हडसन या छोट्या गावाने घालून दिलेला धडा आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. सुमारे पाच हजार वस्तीच्या या गावात डॉ. जून अर्विन या त्वचारोगतज्ज्ञ होत्या. हिरवळीवरील रसायने आणि रुग्णांच्या तक्रारी यांचा संबंध असावा असे त्यांना वाटू लागले. १९८५ पासून त्या नगरपालिकेच्या सभांना नियमाने हजर राहून हाच एक विषय मांडीत राहिल्या. लोक कंटाळले, काहींनी थट्टा केली. त्या थांबल्या नाहीत. अखेर १९९१ साली नगरपालिकेने केवळ शोभेसाठी होणाऱ्या कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घालणारा उपविधी संमत केला. शेतीला त्यातून वगळले होते. हिरवळ राखण्याचा धंदा करणाऱ्या दोन कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. आमची औषधे केंद्र शासनाने मान्य केलेली आहेत, ती रोखणारी नगरपालिका कोण, असा त्यांचा युक्तिवाद होता.

दहा वर्षे खटला चालला. २८ जून २००१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. नागरिकांच्या आरोग्याची काळजी जवळून घेऊ शकणाऱ्या स्थानिक संस्थेला असा नियम करता येतो, केंद्राची परवानगी म्हणजे वापराची सक्ती नव्हे, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती क्लेअर लेरू-द्युबे यांनी आपल्या निकालपत्रात सावधगिरीच्या तत्त्वाचा आधार घेतला: गंभीर हानीचा संभव असेल तेथे पूर्ण शास्त्रीय खात्री नाही ही सबब सांगून उपाय पुढे ढकलता येत नाही. या तत्त्वाच्या पुष्टीसाठी त्यांनी ज्या निर्णयांचा उल्लेख केला, त्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचेही निर्णय होते. तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांनी नासविलेल्या पाण्याबद्दल वेल्लोरच्या नागरिकांनी लढविलेल्या खटल्याचा १९९६ चा निकाल त्यांपैकी एक. वेल्लोरच्या सामान्य माणसांनी मिळविलेला न्याय हजारो मैलांवरच्या एका गावाच्या कामी आला, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी घटना आहे. पुढे क्युबेक प्रांताने २००३ पासून आणि ऑंटेरिओने २००९ पासून असे निर्बंध प्रांतभर लागू केले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हडसनने उपविधी केला त्याच १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनमधील केसी या लहान नगराच्या अशाच अधिकाराला मान्यता दिली होती. तेव्हा रसायन उद्योगाने आपला मोर्चा न्यायालयांकडून राज्यांच्या विधिमंडळांकडे वळविला. नगरपालिकांनी या विषयात नियम करू नयेत असे कायदे एकेका राज्यात करून घेतले गेले. असे निर्बंध असलेल्या राज्यांची संख्या चाळीसच्या पुढे गेली. क्युबेकच्या बंदीविरुद्ध डाऊ कंपनीने उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली २००९ साली २० लाख डॉलरची मागणी करणारा दावा लावला. २०११ मध्ये तो मिटला; कंपनीला भरपाई मिळाली नाही, बंदीही टिकली; मात्र सूचनांनुसार वापरल्यास २,४-डी मुळे अस्वीकारार्ह धोका संभवत नाही, अशी कबुली क्युबेकला द्यावी लागली. लोकांनी निवडलेल्या सरकारने आपल्या मुलांच्या मैदानांबाबत काय ठरवावे, याचा जाब व्यापार करारानुसार नेमलेल्या लवादापुढे विचारला जावा, हे मुक्त व्यापाराचे खरे स्वरूप होय. विकेंद्रीकरणाचे गोडवे गाणारे भांडवल खालच्या संस्थांनी प्रत्यक्ष अधिकार वापरताच केंद्रीकरणाचा आश्रय कसा घेते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

स्वतःच्या अंगणात कोणी काय फवारावे हा ज्याच्या त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. समाजवाद्यांना व्यक्तिस्वातंत्र्य कोणापेक्षाही कमी प्रिय नाही. परंतु वारा कुंपण ओळखत नाही, पाणी सातबारा पाहून वाहत नाही. ज्याने निर्णय घेतला त्यालाच परिणाम भोगावे लागत असते, तर हा आक्षेप विचारात घेण्याजोगा होता. येथे निर्णय एकाचा आणि श्वास दुसऱ्याचा आहे. दुसरा आक्षेप रोजगाराचा. क्युबेक आणि ऑंटेरिओतील हिरवळी बंदीनंतर वाळवंट झाल्या नाहीत आणि त्यांची निगा राखणारे लोकही लागतातच. फरक इतकाच की, विषाचा पंप हाती न घेता ते हे काम करू शकतात.

महाराष्ट्रातील शहरांतही आता हिरवळीचे लोण पसरले आहे. मोठमोठ्या गृहसंकुलांची जाहिरात हिरव्या गालिच्यांच्या चित्रांवाचून होत नाही. लग्नसमारंभांची कार्यालये तर 'लॉन्स' याच नावाने ओळखली जातात. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, त्याच तालुक्यात अशा गवताला पाणी पुरविले जाते. ही हिरवळ राखणारा माळी बहुधा कंत्राटदाराचा रोजंदार असतो. पंपात काय आहे हे त्याला सांगितले जात नाही आणि डब्यावरच्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरे वाचून समजण्याजोगी नसतात.

आपला कायदा या बाबतीत अपुरा आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्य सरकारला धोकादायक औषधावर फार तर काही दिवसांपुरती बंदी घालता येते. यवतमाळच्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने पाच औषधांबाबत काढलेला आदेश ६० दिवसांचाच होता. कायमचा निर्णय दिल्लीने घ्यायचा. राज्यांना आणि स्थानिक संस्थांना या विषयात खरा अधिकार मिळाला पाहिजे, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे. परंतु कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य, पर्यावरणाचे रक्षण आणि उद्याने व क्रीडांगणे हे विषय नागरी संस्थांच्या कामांत समाविष्ट आहेत. स्वतःच्या मालकीच्या उद्यानांत आणि शाळांच्या मैदानांवर काय फवारायचे नाही, हे ठरविण्यासाठी कोणत्याही महानगरपालिकेला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

आपल्या नगरसेवकांनी आणि शाखांनी येथून सुरुवात करावी. उद्यान विभाग कोणती रसायने, किती आणि कोठे वापरतो याची माहिती मागावी व ती दर महिन्याला फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. मुलांची खेळण्याची जागा आणि दवाखान्यांचे आवार येथे शोभेसाठी होणारी फवारणी बंद करण्याचा ठराव आणावा. कंत्राटी माळ्यांना संरक्षक साधने, वैद्यकीय तपासणी आणि विषारी काम नाकारण्याचा हक्क मिळावा, ही मागणी कामगार संघटनांनी करारात घालावी. फवारणीवाल्या माळ्याची बाजू घेणारे आणि शेतमजुराची बाजू घेणारे कार्यकर्ते वेगवेगळ्या व्यासपीठांवर बसतात. त्यांनी एकत्र आले पाहिजे, कारण दोघांच्या अंगावर पडणारे विष एकाच कारखान्यातून येते.

डॉ. अर्विन यांना एक साधा ठराव करून घेण्यासाठी सहा वर्षे सभागृहात हजेरी लावावी लागली आणि तो टिकविण्यासाठी त्यांच्या गावाला दहा वर्षे न्यायालयात लढावे लागले. आपल्याकडे याहून कमी काळ लागेल असे मानण्याचे कारण नाही. म्हणूनच पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आणण्याचे काम आतापासूनच हाती घेतले पाहिजे.